डावा खांदा

"कवळी छान बसलीय," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडीवरचा हात काढून घेतला.

झालं ते इतकंच. कुणी पडलं नाही, काही फुटलं नाही. शटर नेहमीसारखं कुरकुरत वर गेलं होतं, सकाळचा उजेड फरशीवरून गाडीच्या पुढच्या दिव्यांपर्यंत आला होता, आणि बाबा घरातल्या सपाता ओढत आपल्या ठरलेल्या जागी, डाव्या दिव्यापाशी, येऊन उभे राहिले होते. त्यांनी डावा तळवा दिव्याच्या गोल कडेवर ठेवला. तिथून तो मागे सरकला, चाकावरच्या फुगीर पत्र्यावर चढला आणि ऐन माथ्यावर थांबला. धाकटा मुलगा गाडीच्या डाव्या दाराशी उभा होता. बाबांनी हात उचलला, पेशंटच्या तोंडातून हात काढल्यावर बघायचे तशी बोटांची टोकं एकमेकांवर घासून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. सगळं आयुष्य दातांची डॉक्टरी केलेला माणूस, कौतुकही त्याच भाषेत करणार. मग ते वळले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तेवढंच धाकट्याकडे बघून हसले, आणि घरात निघून गेले. गाडीचं दार त्यांनी उघडलं नाही. जे म्हणायचं होतं ते म्हणाले नाहीत.

म्हणायचं होतं ते असं काही मोठं नव्हतं. "बस आत. आज तुझी पाळी." गाडीत जागा दोन आणि घरात माणसं चार. आई त्या हिरव्या गाडीला माझी सवत म्हणायची आणि तिच्यात बसायची हौस तिने कधी दाखवली नाही. चालवणार बाबा. राहिली शेजारची डावी जागा, आणि तिच्यावरून ताई आणि धाकटा एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. शेवटी बाबांनी पाळ्या लावून दिल्या. एका सुट्टीला ताई, पुढच्या सुट्टीला धाकटा. ज्याची पाळी असेल त्याला ते दाराशी उभं करायचे, स्वतः दिव्यापासून दारापर्यंत पत्र्यावरून तळवा फिरवत यायचे, बाहेरून दार उघडून धरायचे आणि मग ते वाक्य म्हणायचे. पुढे ताई लग्न होऊन लांब गेली, आई गेली, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि एकेक दात हलायला लागावा तसं बाबांच्या डोक्यातलं एकेक माणूस हलायला लागलं. आधी शेजारीपाजारी गेले, मग पाहुणेरावळे, मग सून. एक दिवस ताई फोनवर रडली, म्हणाली, मला म्हणाले दवाखाना बंद आहे, संध्याकाळी या. धाकटा सगळ्यांत शेवटी गेला आणि तोही पुरता गेला नव्हता. दिवसभर बाबा त्याला अहो-जाहो करायचे. कधी तो पेशंट असायचा, कधी औषधकंपनीचा माणूस, कधी नुसताच एक सभ्य गृहस्थ. पण सकाळी तो तळवा दिव्यापासून निघून दारापर्यंत आला, की त्या वाटेवर कुठंतरी त्यांना मुलगा भेटायचा. बस आत, आज तुझी पाळी. मग चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला धाकटा गुडघे मुडपून त्या खोल खुर्चीत शिरायचा, बाबा वळसा घालून चालकाच्या जागी यायचे, आणि किल्ली धाकट्याच्या खिशात असताना, गाडी तसूभरही न हलवता, दोघं समोरच्या गल्लीकडे बघत बसायचे. तेवढ्या वेळात बाबा त्याला अरे-तुरे करायचे. दात घासलेस का, विचारायचे. तो वर आला की बायको चहा ओतता ओतता विचारायची, "आज म्हणाले?" तो म्हणायचा, म्हणाले. त्यावर त्याचा पुढचा दिवस निभावून जायचा.

काय होतं त्या गाडीत? लोकांनी त्याला हे जन्मभर विचारलं आणि त्याने दर वेळी वेगळं उत्तर दिलं, त्या अर्थी एकही खरं नसावं. विलायतेतल्या कुठल्याशा शेडमध्ये माणसांनी हातोडीने ठोकून केलेली, उघड्या टपाची, बुटकी गाडी. पुढचं बॉनेट लांबच लांब, माणसं पार मागे, मागच्या चाकांना जवळजवळ टेकून बसलेली, आणि त्यांच्यामागे लगेच संपणारं आखूड शेपूट. व्यवहाराने बघितलं तर शुद्ध वेडेपणा. सामानाला जागा नाही, पावसाला आडोसा नाही, उंच माणसाच्या कपाळावर वारा सरळ आपटायचा. पण दिव्यापाशी एक रेघ सुरू व्हायची, पुढच्या चाकावर चढायची, दाराशी खाली उतरायची, इतकी खाली की आत बसलेल्या पोराला कोपर बाहेर टेकवता यावं, मागच्या चाकावर पुन्हा उसळायची आणि एका दमात शेपटाशी मिटायची. एकच रेघ. मध्ये कुठे विचार बदललेला नाही, कुठे उगाच नटणंमुरडणं नाही. उभी असली तरी मेली निघायच्या घाईत, असं आई म्हणायची, आणि आजवर त्या गाडीबद्दल कुणी याहून बरं बोललेलं धाकट्याच्या कानावर आलं नव्हतं. ती रेघ तो पाटीवर काढायचा, वर्तमानपत्राच्या कडेला काढायचा, जेवताना ताटात बोटाने काढायचा. मागच्या चाकापाशी ती नेहमी बिघडायची. ती जमावी म्हणूनच तो शिकला, परीक्षा दिल्या, गाड्यांच्या कारखान्यात डिझायनर म्हणून लागला. लागला आणि इतकी वर्षं आरशांची कव्हरं काढत बसला.

हसण्यासारखी गोष्ट होती आणि तो स्वतः हसायचाही. आधी दारांच्या मुठी, मग बराच काळ आरशांची कव्हरं. आख्खी गाडी त्याच्या हातून कधी झाली नाही. हल्ली ती कुणाच्याच हातून होत नाही. लोकांना विचारतात, त्यांच्या उत्तरांची सरासरी काढतात, आणि सगळ्यांना जरा जरा आवडेल असं काहीतरी बाहेर पडतं. आणि जी होते तीही अर्धीच. कारखान्याच्या डिझाइन स्टुडिओत मातीचा नमुना करतात तो गाडीच्या एकाच बाजूचा. मधोमध मोठा आरसा उभा केला की दुसरी बाजू फुकटात दिसते. पडद्यावर तर तेवढंही करावं लागत नाही. एक बाजू काढायची आणि कळ दाबून उलटवायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याला हे शिकवलं होतं, आणि आता तो नव्या पोरांना शिकवायचा. दुसरी बाजू कधी काढायची नसते. दुसरी बाजू असतेच.

त्यामुळे सामान पोचवायला आलेली व्हॅन गल्लीत मागे घेताना उघड्या शटरमधून हिरवीच्या डाव्या दिव्यावर आदळली आणि चाकावरचा पत्रा कागदासारखा चुरगळला, तेव्हा त्याला वाईट वाटलं खरं, पण आत कुठेतरी चेवही आला. आयुष्यात पहिल्यांदा हे काम त्याचं होतं. शहराच्या कडेला एका शेडमध्ये जुन्या गाड्यांचं पत्रेकाम करणारा मेस्त्री होता, हाताचा चांगला आणि बोलायला कमी. त्याच्याकडे गाडी नेली. धाकट्याने स्टुडिओतलं मोजायचं यंत्र उसनं आणून उजवी बाजू इंचाइंचाने मोजून घेतली. डावी मोजायचा प्रश्नच नव्हता, चेपलेल्या पत्र्याचं काय मोजणार? उजवी पडद्यावर घेतली, कळ दाबली, उलटली. तिच्यावरून यंत्राने लाकडी साचा कापला आणि त्या साच्यावर मेस्त्रीने नवा पत्रा ठोकून काढला. बसवताना दाराशी जोड जुळेना, दाराची कड किंचित खाली येत होती, तेव्हा धाकट्याने दारही उचलून घ्यायला लावलं. जुन्या कामात असं असायचंच, तो मेस्त्रीला म्हणाला, आणि स्वतःवर खूश झाला. मेस्त्रीने विचारलं, जुना पत्रा ठेवू का. तो म्हणाला, कशाला, घाला भंगारात. रंग तर असा जुळला की स्टुडिओतली पोरं मुद्दाम बघायला आली आणि कुठली बाजू नवी हे एकालाही सांगता आलं नाही. फोटो बघून ताईने फोनवर नाक ओढलं. तू बाबांची गाडी वाचवलीस रे, म्हणाली. त्या रात्री तो गाढ झोपला, आणि सकाळी बाबांचा हात त्या पत्र्यावर चढला आणि उतरला.

पहिल्या दिवशी त्याने मनाची समजूत घातली. गाडी बरेच दिवस घरात नव्हती, सवय मोडली असेल. दुसऱ्या दिवशी रंगाचा वास येत असेल म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन दाराशी उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा, हात पाठीमागे बांधून. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आदराने बाजूला सरकून त्याला वाट दिली. त्या दिवशी ऑफिसात आरशाच्या कव्हरावर बैठक चालू होती, कुणीतरी म्हणत होतं की कडा आणखी मऊ करता येतील का, आणि धाकट्याला अचानक प्लॅस्टरचा वास आला. बाबांच्या दवाखान्यातला. तिथल्या फळीवर पेशंटच्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीने ठेवलेले असायचे, आणि एका दुपारी बाबांनी त्यांतले दोन त्याच्यापुढे ठेवले होते. एक खऱ्या दातांचा, एक कवळीचा. ओळख खरा कुठला, म्हणाले. त्याने सुबक होता तो उचलला. बाबा इतके हसले की खुर्चीतला पेशंटही तोंड उघडं ठेवून हसायला लागला. "अरे, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की समजायचं कवळी आहे," ते म्हणाले होते. आणि त्याच संध्याकाळी, हो, त्याच संध्याकाळी, हिरवीपाशी नेऊन त्यांनी त्याचा हात आपल्या तळव्याखाली धरून डाव्या पत्र्यावरून फिरवला होता. हिचा डावा खांदा पडलाय बघ, म्हणाले. एका खांद्यावर दप्तर घेणाऱ्या मुलीसारखी चालते ही. उजवीकडे ठोकणारा माणूस वेगळा आणि डावीकडचा वेगळा. डावीकडच्याला घरी जायची घाई असणार.

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला सांगितलेलं होतं, हाताला धरून सांगितलेलं होतं. कडांबद्दल बोलणारा माणूस बोलतच होता. त्या रेघेवर त्याने जीव टाकला होता, ती बिघडते कुठे हे शोधण्यात लहानपण घालवलं होतं. ती बिघडत नव्हतीच. तो डाव्या बाजूला बसून तिला बघायचा आणि उजव्यासारखी, खांदा न पाडता काढायचा, म्हणून मागच्या चाकापाशी पोचेपर्यंत ती जुळायची नाही. ज्या गोष्टीमुळे ती गाडी पाहणाऱ्याच्या डोळ्यात रुतून बसायची आणि का ते कळायचं नाही, ती गोष्ट त्याने दोष म्हणून काढून टाकली होती, आणि दाराची कड उचलून तिचा उरलासुरला मागही पुसून टाकला होता. एखाद्या अडाण्याला हे जमलं नसतं. त्याने पत्रा सरळ केला असता, जमेल तसा, वेडावाकडा, आणि कदाचित तो खांदा पुन्हा आपोआप पडला असता. इतकी चोख माती करायला त्याच्यासारखा शिकलेला माणूसच लागतो.

घरी येऊन त्याने फोटोंचे सगळे अल्बम पलंगावर पसरले. हिरवीचे फोटो ढिगाने होते आणि एकाही फोटोत डावा पत्रा धड दिसत नव्हता. जो तो तिथेच टेकून उभा. आत्याने आपली आख्खी बैठक त्यावर ठेवली होती. काकांनी टोपी ठेवली होती. एकात आई होती, सवतीपासून हातभर अंतर राखून, पण तिच्या साडीचा घोळ नेमका तिथे आला होता. एका फोटोत तो स्वतःच पत्र्याला मिठी मारून दात काढत होता. भंगारवाल्याकडे तर तो त्याच दिवशी जाऊन आला होता. भंगारवाल्याने हसून लांबवरचा दाबलेल्या पत्र्यांच्या ठोकळ्यांचा डोंगर दाखवला. त्यात कुठेतरी हिरवा रंग असेलही.

दुसऱ्या सकाळी तो गाडी घेऊन मेस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, डावा खांदा पाडायचाय. मेस्त्रीने कपाळाला आठी घातली नाही. पाडू की, म्हणाला. दिवा सोडवला, पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, हातोडी उचलली आणि थांबला.

"किती पाडू?"

धाकट्याने पत्र्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले. पत्रा गार होता, गुळगुळीत होता, आणि तळव्याला काहीच सांगत नव्हता. जन्मभर त्याने ही गाडी डोळ्यांनी बघितली होती. हाताने बघणारा माणूस घरी सपाता ओढत फिरत होता. त्या माणसाच्या हातात तो खांदा अजून जसाच्या तसा होता, म्हणून तर हात नव्या पत्र्यावर थांबला आणि परत फिरला. बाकी सगळं गेलं तरी हात विसरला नव्हता. फक्त त्याला विचारायचं कसं, हे कुणाला येत नव्हतं.

तरी त्याने विचारून बघितलं. बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, शेडमध्ये आणलं. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणा डॉक्टराने सल्ल्याला बोलावलंय. त्यांनी मेस्त्रीला नमस्कार केला, जागा हवेशीर आहे म्हणाले. मेस्त्रीने थोडं ठोकलं. धाकट्याने बाबांचा डावा हात धरून पत्र्यावर ठेवला, दिव्यापासून मागे नेला. छान, बाबा म्हणाले. आणखी ठोकलं. पुन्हा हात. छान. तिसऱ्यांदा ठोकलं, तर छान. परक्याच्या कामाला नावं ठेवणं त्यांच्या स्वभावात कधीच नव्हतं, आणि स्वभाव तेवढा शाबूत होता. ते तळवा देत होते, मागितला म्हणून देत होते, पण तो आता कशावरही थांबत नव्हता. धाकट्याने तो हात जरा जोरात दाबला असावा, कारण बाबांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडायला घाबरणाऱ्या पेशंटशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, घाबरू नका, दुखणार नाही. धाकटा शेडच्या मागे जाऊन रडला. परत आला तेव्हा मेस्त्रीने हातोडी खाली ठेवली होती.

"साहेब, पत्रा थकलाय. आता मारला तर फाटेल."

तेव्हा गाडी आहे तशी घरी आली. डाव्या चाकावर रंग उडालेला, ठोक्यांचे डाग पडलेला, ना पहिला ना दुसरा असा पत्रा. आता दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या, पण त्याने काही परत आलं नव्हतं. बायकोने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेली.

आज सकाळी त्याने शटर वर केलं. बाबा आले. डाव्या दिव्यापाशी थांबले नाहीत, गाडीकडे त्यांची नजरही गेली नाही. तिच्या अंगावरून, वाटेत ठेवलेलं कपाट टाळून जावं तसे गेले, फाटकाशी असलेल्या बाकड्यावर बसले आणि गल्लीच्या वळणाकडे बघत राहिले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी आज आपणहून घातला होता, बटणं एकेक चुकवून. धाकट्याने शटर तसंच उघडं ठेवलं. मग जवळ गेला, आणि कुणाची वाट बघताय असं विचारलं.

मुलाची, बाबा म्हणाले. गाडी दुरुस्तीला नेलीय त्याने. हिरवी आहे. अशीच, त्यांनी मान न वळवता मागे हात केला, पण ही नव्हे. वेळ लागतोय, पण आणेल. तो कामात फार चोख आहे.

धाकट्याला म्हणायचं होतं, बाबा, मीच तो. हे त्याने याआधीही अनेकदा म्हणून बघितलं होतं आणि दर वेळी बाबा ओशाळून, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून, हो का म्हणाले होते. आज ते हो का ऐकायची त्याची ताकद नव्हती. तो उभाच राहिला. बाबांनी त्याला घाई नाही ना विचारलं, आणि नाही म्हटल्यावर बाकड्यावरची शेजारची जागा हाताने झटकून दिली. डावीकडची. तो बसला. गल्लीत एक सायकल वळली, तशी बाबा अर्धवट उठले आणि पुन्हा टेकले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "फक्त तो आला की तुम्हाला उठावं लागेल हं. आज त्याची पाळी आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको खाली वाकली. दोघांना शेजारी शेजारी बसलेलं पाहून तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला, आणि तिने तिथूनच विचारलं, "आज म्हणाले?"

"म्हणाले," धाकटा म्हणाला, आणि एका माणसाची जागा सोडून बाकड्याच्या कडेला सरकून बसला.